अठरा वर्षांनंतर कुठे जायचे? नागपुरातील न्यूरोडायव्हर्जंट प्रौढांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा होता तेव्हा आम्ही त्याला घेऊन एका बालविकास केंद्रात गेलो, कारण ऑटिझम हा शब्द लिहिलेली तेवढी एकच पाटी आम्हाला ठाऊक होती. भिंतींवर ससे आणि फुगे रंगवलेले होते, खुर्च्या गुडघ्याएवढ्या उंचीच्या होत्या, आणि काउंटरवरच्या ताईंनी माझ्या सहा फुटी भावाकडे न पाहता आईला विचारले, "बाळ कुठे आहे?" त्यात त्यांची चूक नव्हती, ते केंद्र मुलांसाठीच होते. मात्र तिथून पुढे कुठे जायचे, हे तिथल्या कोणालाही सांगता आले नाही, आणि नंतरची तीन वर्षे आम्ही ते स्वतःच शोधत हिंडलो. पुढे वयाच्या ३६व्या वर्षी मला एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवण्यातल्या अडचणीचे आणि अतिचंचलतेचे, निदान झाले, तेव्हा तोच रस्ता मी दुसऱ्यांदा चालले. त्या रस्त्यावर पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

आधी शब्दाविषयी. 'न्यूरोडायव्हर्जंट' हे आजाराचे नाव नाही आणि कोणताही डॉक्टर तो शब्द केसपेपरवर लिहिणार नाही. ज्यांचा मेंदू जन्मापासून वेगळ्या पद्धतीने घडलेला आहे, अशा अनेकांना कवेत घेणारा तो शब्द आहे: ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, एडीएचडी, वाचन-लेखन-गणितातील अध्ययन अक्षमता, आणि यांच्या आजूबाजूच्या काही अवस्था. आपसात बोलताना तो शब्द उपयोगी आहे, पण रुग्णालयात गेल्यावर नेमके सांगावे लागते की "मला प्रौढ एडीएचडीची तपासणी करून घ्यायची आहे" किंवा "माझ्या मुलाला ऑटिझम आहे का, हे पाहायचे आहे." नेमके न सांगितल्यास चार प्रश्नांत चिंता किंवा नैराश्य असे लिहून गोळ्या हातात मिळतात, आणि खरा प्रश्न तसाच घरी परत येतो.

असे का होते, हे समजून घेतले तर राग थोडा कमी होतो आणि पावले नीट पडतात. आपल्याकडची सरकारी यंत्रणा दोन टोकांवर उभी आहे. एका टोकाला २०१३ साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि त्याची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत, जी जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. दुसऱ्या टोकाला मानसोपचार विभाग आहेत, जिथली गर्दी स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य आणि व्यसनाच्या रुग्णांची असते आणि जिथला डॉक्टर एका सकाळी इतके रुग्ण पाहतो की कोणाचे बालपण विचारायला त्याला वेळच उरत नाही. ज्याला भास होत नाहीत, जो आत्महत्येची भाषा बोलत नाही, ज्याची पदवीही झालेली आहे, पण ज्याला सहा महिन्यांहून जास्त एकही नोकरी टिकवता आलेली नाही, असा माणूस या दोन टोकांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो. शिवाय आज जे तिशी-चाळिशीत आहेत त्यांच्या लहानपणी एडीएचडीला खोडकरपणा समजत आणि ऑटिझम म्हटले की न बोलणारे मूल एवढेच डोळ्यांसमोर येई. मुलींचा तर विचारच होत नसे. शांत बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही. डॉक्टर ज्या अमेरिकन निकषपुस्तिकेचा आधार घेतात, तिच्या २०१३च्या आवृत्तीत एडीएचडीच्या निदानासाठी १७ वर्षे आणि त्यावरील व्यक्तींमध्ये सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली गेली, आणि ऑटिझम व एडीएचडी ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीला देण्याची मुभाही त्याच आवृत्तीने दिली. त्याआधी शिकून बाहेर पडलेल्या कित्येक डॉक्टरांच्या मनात जुनेच चित्र पक्के आहे.

थोडक्यात, नागपुरात दारे आहेत, पण त्यांच्यापैकी एकावरही 'प्रौढांसाठी' अशी पाटी नाही, आणि एका दारातली माहिती दुसऱ्या दारापर्यंत आपोआप पोहोचत नाही. ती तुम्हाला स्वतःच्या हाताने, कागदावर पोहोचवावी लागते. म्हणून पहिली पायरी रुग्णालयात नसून घरात आहे.

पहिली पायरी: फाइल तयार करा

या पायरीवर दोन-तीन आठवडे खर्च झाले तरी चालतील. एडीएचडीच्या निदानासाठी काही लक्षणे १२ वर्षांच्या आतच दिसत होती याचा पुरावा लागतो, आणि ऑटिझमची मुळेही लहानपणातच शोधली जातात. चाळिशीच्या माणसाकडे तो पुरावा कुठून येणार? बहुतेक वेळा तो आईच्या पेटीत असतो. आमच्याकडे भावाचे चौथीचे प्रगतिपुस्तक जुन्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडले. त्यात बाईंनी निळ्या शाईने लिहिले होते: "हुशार आहे. मधल्या सुटीत एकटाच असतो. घंटेच्या आवाजाने रडतो." या तीन वाक्यांनी पुढे जे काम केले, ते आमच्या तासभराच्या बोलण्याने झाले नव्हते. तेव्हा प्रगतिपुस्तके, शाळेने पाठवलेल्या चिठ्ठ्या, वह्या, बालरोगतज्ज्ञांचे जुने कागद, जे मिळेल ते जमा करा.

कागद नसतील तर माणसे असतात. आई, मोठी बहीण, आत्या, शाळेतला मित्र यांना नुसते "मी लहानपणी कसा होतो?" असे विचारू नका, कारण उत्तर "चांगला होतास" असे येते. "मी बोलायला केव्हा लागलो? पाहुणे आले की मी काय करायचो? माझा डबा, छत्री, पट्टी किती वेळा हरवायची? कोणता कपडा मी अंगाला लावू देत नसे?" असे विचारा. उत्तरे त्यांच्याच शब्दांत आणि कोणी सांगितले त्या नावासह लिहून ठेवा.

त्यानंतर आजच्या आयुष्याचे एक पान लिहा, एकच पान. कोणत्या नोकऱ्या केल्या, किती दिवस टिकल्या आणि का सुटल्या. बिले, कर्जाचे हप्ते, परीक्षेचे अर्ज यांच्या तारखा किती वेळा चुकल्या. झोप कशी आहे. कोणता आवाज, वास किंवा प्रकाश सहन होत नाही. लोकांशी बोलून आल्यावर किती वेळ पडून राहावे लागते. विशेषणे नकोत, घटना हव्यात. "माझे लक्ष लागत नाही" यापेक्षा "गेल्या वर्षी गॅसवर दूध ठेवून विसरल्यामुळे तीन पातेली जळाली आणि दोनदा गाडीची किल्ली गाडीलाच राहिली" हे डॉक्टरला जास्त सांगते. मी माझे पान पहिल्यांदा लिहिले तेव्हा मला खूप रडू आले, कारण ज्याला घरात आणि शाळेत आयुष्यभर आळस म्हटले गेले, त्याचा सगळा क्रम समोर एका कागदावर दिसत होता. तुमचेही तसे झाले तर ते पान दोन दिवस बाजूला ठेवा, पण फाडू नका.

याच फाइलमध्ये थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांचे अलीकडचे अहवाल ठेवा. यांच्या बिघाडाने येणारा थकवा आणि विसराळूपणा बाहेरून अगदी सारखा दिसतो, आणि डॉक्टर ही तपासणी सांगणारच असतात. घोरणे आणि दिवसा झोप येणे असेल तर तेही लिहा. इंटरनेटवर मिळणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढ एडीएचडीची प्रश्नावली चांगली आहे. तिचा पहिला भाग फक्त सहा प्रश्नांचा आहे. ती भरून सोबत न्या, पण तिला निदान समजू नका. तपासणीला जाण्याएवढे कारण आहे की नाही, इतकेच ती सांगते.

दुसरी पायरी: दार निवडा

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तोच लिहितो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, ज्यांना सगळे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात, ते चाचण्या घेतात, बुद्ध्यंक आणि अध्ययन अक्षमतेचे मापन करतात, सविस्तर अहवाल देतात. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२च्या कायद्यानुसार त्यांची परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नका. खरा व्यावसायिक तो आनंदाने सांगतो. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून समुपदेशक झालेली व्यक्ती तुमचे ऐकून घेऊ शकते आणि ऐकून घेणेही मोठे काम आहे, पण तिच्या निदानाला रुग्णालयात किंवा प्रमाणपत्रासाठी किंमत नाही. मेंदूविकारतज्ज्ञाकडे धाव घेण्याची गरज सहसा नसते. अपवाद फिट्सचा: ऑटिझम असलेल्यांमध्ये अपस्माराचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते, त्यामुळे क्षणभर हरवल्यासारखे होणे किंवा झटके येणे असेल तर तिकडेही दाखवा.

सरकारी दारे सांगते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले मेडिकल, आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे मेयो, या दोन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. मिहानमधील एम्समध्येही तो आहे. तिथे खापरीपर्यंत मेट्रोने जाता येते, मात्र स्थानकापासून पुढच्या वाहनाची सोय आधी पाहून ठेवा. चौथे दार प्रादेशिक मनोरुग्णालयाचे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी हे एक, १८६४ पासूनचे, आणि त्याच्या जवळच्या चौकाला लोक अजूनही जे नाव घेऊन हाक मारतात त्यामुळे कितीतरी घरे त्या फाटकाच्या आत पाऊल टाकत नाहीत. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, दाखवून त्याच दिवशी घरी परतता येते, आणि तिथे गेल्याने कोणाच्या नावावर कसलाही डाग लागत नाही. याशिवाय दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचे सीआरसी, म्हणजे संयुक्त क्षेत्रीय केंद्र, नागपुरात आहे. मानसशास्त्रीय चाचण्या, वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार यांच्यासाठी तिथे विचारणा करावी. खासगी दवाखान्यांची दाटी धंतोली आणि रामदासपेठेत आहे.

खासगीत जायचे असल्यास नाव नोंदवण्यापूर्वी फोनवर तीन गोष्टी विचारा: डॉक्टर १८ वर्षांवरील व्यक्तींची एडीएचडी किंवा ऑटिझमची तपासणी करतात का, पहिल्या भेटीला किती वेळ देतात, आणि लेखी अहवाल मिळतो का व त्याचे वेगळे पैसे किती. "मोठ्यांना एडीएचडी नसतो" असे फोनवरच ऐकू आले तर आभार मानून फोन ठेवा. माझे दोन वेळचे तपासणी शुल्क या एका प्रश्नाने वाचले असते.

तिसरी पायरी: ओपीडीचा दिवस

ज्याला आवाज, गर्दी आणि अनिश्चितता सहन होत नाही, त्यालाच आपल्या ओपीडीत सर्वांत जास्त सोसावे लागते. एका सरकारी रुग्णालयात आम्ही गेलो तो मे महिना होता. बोळात एक पंखा खडखडत होता, ट्यूबलाइट फडफडत होती, शिपाई दर मिनिटाला नाव पुकारत होता आणि बाकावर जागा नव्हती. भावाने कानांवर हात घेतले, मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि आमचा क्रमांक येईपर्यंत तो एकही शब्द बोलण्याच्या स्थितीत राहिला नव्हता. आत डॉक्टरांनी "काय त्रास आहे?" विचारले, त्याने उत्तर दिले नाही, आणि केसपेपरवर 'सहकार्य करत नाही' असे लिहिले गेले.

दुसऱ्या वेळी आम्ही वेगळे केले. रविवारच्या सुटीनंतर सोमवारी गर्दी उसळते, म्हणून आठवड्याच्या मधला दिवस निवडला. मी सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढला, रांगेत बसले, आणि भाऊ आईबरोबर बाहेर कडुलिंबाखाली थांबला. आमच्या आधीचे तीन जण उरले तेव्हा मी फोन केला. त्याच्या कानात कापसाचे बोळे होते, पाण्याची बाटली होती, आणि आदल्या रात्री त्याला कोणत्या दारातून जायचे, कोण काय विचारेल, हे क्रमाने लिहून दिले होते. आत गेल्यावर मी डॉक्टरांसमोर ते एक पान ठेवले आणि म्हणाले, "सर, याला लगेच बोलता येत नाही, म्हणून लिहून आणले आहे." त्यांनी ते पूर्ण वाचले. दोन मिनिटे लागली असतील. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी पूर्ण वाचले होते.

ज्यांच्याकडे दिव्यांग प्रमाणपत्र आहे त्यांनी ते रांगेत दाखवावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६च्या कलम २५मध्ये दिव्यांगांना तपासणीत आणि उपचारात प्राधान्य देण्याची तरतूद आहे. ही तरतूद काउंटरवरच्या माणसाला माहीत असेलच असे नाही. शांतपणे सांगावे लागते, कधी वरिष्ठ परिचारिकेला भेटावे लागते.

चौथी पायरी: निदान आणि लेखी अहवाल

निदान एका भेटीत होत नाही आणि रक्ताच्या किंवा स्कॅनच्या तपासणीने तर होतच नाही. मुलाखत, घरच्यांचे सांगणे, जुने कागद आणि काही चाचण्या यांवरून ते ठरते. "मेंदूचा नकाशा काढून एडीएचडी दाखवतो" असे सांगून मोठी रक्कम मागणाऱ्यांपासून दूर राहा.

डॉक्टर म्हणाले की हे नैराश्य आहे किंवा चिंता आहे, तर तेही खरे असू शकते. वर्षानुवर्षे स्वतःला लपवत, लोकांसारखे वागण्याची पराकाष्ठा करत जगणाऱ्याला नैराश्य येतेच. त्यावरचे उपचार नाकारू नका. मात्र इतके विचारा: "हे लहानपणापासून असलेल्या कशाच्या तरी वर आलेले असू शकते का?" उत्तर समाधानकारक वाटले नाही तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या, आणि पहिल्या डॉक्टरचे कागद लपवू नका.

जे काही ठरेल ते लेखी मागा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २५नुसार स्वतःच्या उपचारांच्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे आणि कलम २३नुसार ती माहिती गुप्त ठेवली जाण्याचाही. तुमच्या कार्यालयाला किंवा सासरच्यांना तुमच्या परवानगीशिवाय ती देता येत नाही, हे विशेषतः बहिणींना सांगते, कारण याच भीतीने कितीतरी जणी तपासणीपर्यंत येतच नाहीत.

पाचवी पायरी: औषधांचे वास्तव

ऑटिझम 'बरा' करणारे औषध नाही. सोबत असलेली चिंता, निद्रानाश किंवा चिडचिड यांच्यासाठी औषध असू शकते. एडीएचडीची गोष्ट वेगळी आहे. तिथे औषधाचा उपयोग पुष्कळांना होतो. भारतात मुख्यतः दोन औषधे दिली जातात, मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटीन. मिथाइलफेनिडेट औषध नियमांच्या 'शेड्यूल एक्स'मध्ये येते. याचा व्यवहारातला अर्थ असा की डॉक्टरला चिठ्ठी दोन प्रतींत द्यावी लागते, एक प्रत औषध दुकानदार ठेवून घेतो आणि दोन वर्षे जपतो, आणि ते विकायला वेगळा परवाना लागत असल्याने कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळत नाही. म्हणून कोणत्या दुकानात मिळेल हे डॉक्टरकडेच विचारून घ्या, आणि पट्टी संपण्याच्या आठ दिवस आधी फोन करून साठा आहे का ते पाहा. २०२०च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शेड्यूल एक्समधले औषध व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाशी ऑनलाइन बोलून हे औषध मिळेल अशी आशा धरू नका. ॲटोमॉक्सेटीन नेहमीच्या चिठ्ठीवर मिळते, पण त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. पहिल्या पंधरवड्यात निराश होऊन सोडू नका. दोन्ही औषधांत रक्तदाब आणि नाडी अधूनमधून पाहावी लागते. दुकानदार औषध मागणाऱ्याकडे संशयाने पाहतो, हे मी सोसले आहे. चिठ्ठी दाखवा आणि मान खाली घालू नका.

ऑटिझमवर स्टेम सेलचे इंजेक्शन सुचवणारेही भेटतील. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताशी संबंधित काही ठरावीक आजार सोडता स्टेम सेलचा वापर केवळ मान्यताप्राप्त संशोधन चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. शेत विकून लाखो रुपये तिथे घालू नका.

सहावी पायरी: प्रमाणपत्र घ्यावे का, आणि कसे

२०१६च्या कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहे. ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहेत. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणजे माझ्यासारख्या केवळ एडीएचडी असलेल्या व्यक्तीला त्या नावाने प्रमाणपत्र मिळत नाही, आणि मला हा कायद्यातला मोठा उणेपणा वाटतो. सोबत अध्ययन अक्षमता असेल तर तिची तपासणी अवश्य करून घ्या.

अर्ज 'स्वावलंबन' पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, करायचा, आधार, छायाचित्र आणि निवासाचा पुरावा जोडायचा, आणि निवडलेल्या रुग्णालयात तपासणीसाठी हजर राहायचे. २०२४मध्ये नियम बदलून प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिने करण्यात आली, तेव्हा पोचपावतीवरची तारीख लिहून ठेवा. आरक्षणासारख्या बहुतेक लाभांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते.

इथे प्रौढांची खरी अडचण येते. ऑटिझमचे मापन आयएसएए या भारतीय मापनश्रेणीने होते, तिच्यात ४० बाबी आहेत आणि ७० गुणांपासून ऑटिझम धरला जातो. ती प्रामुख्याने मुलांकडे पाहून बनवलेली आहे. ज्याने ३० वर्षे लोकांच्या डोळ्यांत पाहायचा सराव केला, ठरावीक वाक्ये पाठ केली, तो त्या अर्ध्या तासात बरा दिसतो आणि त्याचे गुण कमी येतात. म्हणून सोबत आई, वडील किंवा जोडीदार असलाच पाहिजे, आणि त्यांनी चांगल्या दिवसाचे नव्हे तर सर्वांत वाईट दिवसाचे वर्णन केले पाहिजे. हे खोटे बोलणे नाही. आपल्या घरांत पाहुण्यांसमोर मुलाचे चांगलेच सांगायची सवय असते. प्रमाणपत्रासाठी तपासणाऱ्या मंडळासमोर तीच सवय मुलाचे नुकसान करते. आई तिथे पहिल्यांदा म्हणाली होती, "तो सगळं स्वतः करतो हो." मी तिला थांबवून विचारले, "आंघोळीला किती वेळा सांगावं लागतं?" मग ती खरे बोलू लागली.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत १८ वर्षांचे झाल्यावर दिलेले प्रमाणपत्र आयुष्यभर चालते, असे २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. दहावीला जादा वेळ मिळाला होता त्यांचे जुने प्रमाणपत्र मुदतीचे असू शकते. ते तपासून घ्या.

कार्ड घेतल्याने लग्न जमणार नाही, ही भीती मी पुष्कळ घरांत ऐकली आहे. कार्ड कोणाला दाखवायचे हे तुमच्या हातात असते. ते नसेल तर मात्र शासकीय नोकरीतले आरक्षण, निरामयसारखा विमा आणि प्रवासातली सवलत यांपैकी काहीच हाती लागत नाही.

सातवी पायरी: पालकत्व आणि विमा

१८ वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, मुलाला कितीही आधार लागत असला तरी. बँक, मालमत्ता किंवा शस्त्रक्रियेच्या संमतीची वेळ येते तेव्हा हे अचानक कळते. ऑटिझम, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. नागपुरात त्यासाठी सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी. पण घाईने पूर्ण पालकत्व मागू नका. ज्याला स्वतःचे निर्णय घेता येतात, त्याच्याकडून ते काढून घेणे अन्याय आहे. २०१६च्या कायद्याचे कलम १४ याच कारणाने मर्यादित पालकत्वाची, म्हणजे एखाद्या विशिष्ट निर्णयापुरत्या आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून दिलेल्या आधाराची, भाषा बोलते.

याच न्यासाची निरामय विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. तिच्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि तिच्यात बाह्यरुग्ण उपचार व थेरपी यांचाही खर्च काही मर्यादेत धरलेला आहे. नेहमीचे विमे जिथे तोंड फिरवतात तिथे हा एक मोठा आधार आहे. नूतनीकरणाची तारीख स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहा.

आठवी पायरी: नोकरीच्या ठिकाणी

शासकीय नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के आरक्षण आहे आणि त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. २०१६च्या कायद्याच्या कलम २१नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते. ते तुमच्या कंपनीत आहे का, हे मनुष्यबळ विभागाला विचारता येते. निदान उघड न करताही पुष्कळ काही मागता येते: सूचना तोंडी न देता लिहून द्याव्यात, कूलरच्या तोंडाशी किंवा दारापाशी असलेली जागा बदलून मिळावी, हेडफोन वापरू द्यावा, मोठ्या कामाची मुदत तुकड्यांत द्यावी. मागणी लहान, नेमकी आणि लेखी असावी. मला फक्त "बैठकीनंतर मुद्दे ईमेलवर पाठवाल का?" एवढ्या एका मागणीने माझी नोकरी टिकवता आली.

शेवटची पायरी: आधार आणि फाइलचे शेवटचे पान

संकटाच्या वेळी, म्हणजे सगळे असह्य होऊन जीव नकोसा वाटू लागला तर, १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि निःशुल्क आहे. तिथे ऑटिझमचे तज्ज्ञ भेटतीलच असे नाही, पण ती रात्र निघते. रोजच्या आधारासाठी मात्र माणसेच लागतात. ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्या आईचा फोन क्रमांक मागा. आमचा पाच घरांचा गट असाच जमला. महिन्यातून एकदा एखाद्याच्या गच्चीवर, ऊन उतरल्यावर, आम्ही भेटतो. कोणत्या दुकानात औषध आले, कोणत्या काउंटरवर कोणता कागद मागितला, हे तिथे कळते, आणि ज्याला बोलायचे नसते तो कोपऱ्यात बसून राहिला तरी त्याला कोणी ओढून आणत नाही.

फाइलच्या दोन छायाप्रती काढा, एक घराबाहेरच्या विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. आणि शेवटी एक पान असे जोडा, जे कोणत्याही डॉक्टरसाठी नाही, आईवडिलांच्या माघारी जो कोणी जबाबदारी घेईल त्याच्यासाठी आहे. आमच्या फाइलमधले ते पान आईने स्वतःच्या हाताने लिहिले आहे. भावाला कोणते औषध किती वाजता लागते हे त्यात आहे, निरामयचा क्रमांक आहे, आणि खाली लिहिले आहे: वरणात हिरवी मिरची तुकडे करून टाकू नये, वाटून टाकावी. कुकरची शिट्टी होण्याआधी त्याला सांगावे. रागावला तर दार लावून घेतो, ते वाजवू नये, अर्ध्या तासाने चहा घेऊन जावे.